काकीनाड्याचे बंदर आणि वैनगंगेचा घाट

भंडारा जिल्ह्यातील कुटुंबाने सुट्टीत समुद्र पाहावयास निघावे, तर त्याची पावले बहुधा पश्चिमेकडेच वळतात. मराठी माणसाला समुद्र म्हटला की कोकणचा आठवतो आणि नाव म्हटली की आंगऱ्यांचे गलबत डोळ्यांपुढे उभे राहते. आम्हीही याच वाटेने दोन वेळा मालवण आणि विजयदुर्ग पाहून आलो होतो. परंतु गेल्या नाताळच्या सुट्टीत घरातील धाकट्या चिरंजीवांनी नकाशावर बोट फिरवीत एक प्रश्न विचारला आणि आमचा बेत पालटला. त्यांचा प्रश्न एवढाच होता, की आपल्या घाटावरून जे पाणी रोज वाहत जाते, ते कोणत्या गावापाशी समुद्रास मिळते? वैनगंगा वर्धेस मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास, हे आम्ही शाळेत घोकलेले होते. पण ते ठिकाण डोळ्यांनी पाहावे अशी इच्छा आम्हांस आजवर झाली नव्हती, याची थोडी लाजच वाटली. तेव्हा नागपुरास गाडी बदलून, बल्लारपूर, वरंगळ, विजयवाडा असे करीत आम्ही सामलकोटास उतरलो आणि तेथून काकीनाड्यास पोहोचलो.

काकीनाड्याचे नाव जुन्या मराठी वाचकांस अगदीच अपरिचित नाही. १९२३ साली मौलाना महंमद अली यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन येथेच भरले होते आणि पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी अध्यक्षांचा आक्षेप न जुमानता येथेच ‘वंदे मातरम्’ म्हटले होते. परंतु आमच्या मंडळींस त्या वेळी इतिहासापेक्षा नावांची ओढ अधिक होती. सकाळी खाडीच्या काठी उभे राहावे, तो पाण्यावर नावांची दाटी झालेली. यंत्राने चालणाऱ्या मच्छीमार नावा एकमेकींस खेटून बांधलेल्या. कोणाची नाळ निळी, कोणाची तांबडी. नाळेवर देवाचे नाव तेलुगू अक्षरांत रंगविलेले आणि त्यावर सुकत चाललेली झेंडूची माळ. मुले नावा मोजू लागली आणि शंभराच्या आतच त्यांची मोजणी चुकली. घरातील वडील बाई मात्र नावांकडे न पाहता पाण्याकडे पाहत उभ्या होत्या. त्यांनी ओंजळभर पाणी घेऊन जिभेस लावले, तोंड वाकडे केले आणि म्हणाल्या, “एवढी गोड नदी, आणि शेवटी ही चव!”

दूर पाण्यात मोठी जहाजे नांगर टाकून उभी दिसत होती. ती काठापर्यंत का येत नाहीत, हा मुलांचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आमच्या विषयाच्या मुळाशी नेणारे आहे. काकीनाड्याचा किनारा उथळ आहे. म्हणून पूर्वापार येथे जहाजाने दूर थांबावे आणि लहान पडावांनी माल काठापर्यंत ने-आण करावी, अशी रीत पडली. मोठ्या जहाजांस थेट धक्क्यास लागता येईल असे खोल पाण्याचे बंदर १९९७ साली सुरू झाले, तरी जुनी रीत अजून सर्वस्वी गेलेली नाही. पाणी उथळ का, तर गोदावरी प्रतिवर्षी गाळ आणून टाकते म्हणून. आणि बंदर तरीही सुरक्षित का, तर त्याच गाळामुळे! समोर समुद्रात वाळूची एक लांबलचक जीभ पसरलेली दिसते. तिला इंग्रजांनी ‘होप आयलंड’ असे नाव दिले. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत नदीच्या गाळातून ती तयार झाली, आणि आज लाटांचा मारा अंगावर घेऊन बंदरातील पाणी शांत राखण्याचे काम तीच करते. ह्या गाळात आमच्या धानाच्या बांध्यांतून पावसाळ्यात वाहून गेलेली मातीही आहे, हे मनात येताच त्या वाळूशी आमचे काही नाते आहे असे वाटू लागले. चिरंजीवांनी तर तिला ‘आपले बेट’ म्हणावयास आरंभ केला.

दुसऱ्या दिवशी कोरिंगा पाहिले. गोदावरीच्या गौतमी फाट्याच्या मुखाजवळचे हे गाव अठराव्या शतकात ह्या किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते, आणि त्याची विशेष ख्याती जहाजे बांधण्याविषयी व दुरुस्त करण्याविषयी होती. आज तेथे चिखल, खारफुटीचे दाट रान आणि त्यातून वळत जाणारे खाडीचे फाटे एवढेच दिसते. १७८९ च्या डिसेंबरात समुद्र चवताळून गावावर चालून आला. गाव कसेबसे सावरले, तो १८३९ च्या नोव्हेंबरात दुसरे वादळ झाले आणि त्यानंतर कोरिंगा पुन्हा उभे राहिले नाही. उरलेसुरले बंदर गाळाने बुजविले. ‘सायक्लोन’ हा शब्द हेन्री पिडिंग्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने प्रचारात आणला, आणि ज्या वादळांचा त्याने अभ्यास केला त्यांत कोरिंग्याची ही वादळे होती. एखाद्या गावाचा विनाश जगाच्या कोशात एका शब्दाची भर घालून जावा, हा योगही विलक्षणच.

तथापि नावा बांधण्याची विद्या तेथून सर्वस्वी नाहीशी झाली नाही. जवळच्या ताळ्ळरेवु गावी लाकडी नावा बांधणारी घराणी अजून आहेत. आम्ही गेलो तेव्हा काठावर एक नाव अर्धी उभी होती. खाली तिचा कणा, दोन्ही बाजूंस बरगड्यांसारखी वाकडी लाकडे, आणि त्यांवर फळ्या बसविण्याचे काम चाललेले. वाकडे लाकूड कोणी वाकविलेले नसते. झाडाची फांदी जेथे निसर्गतः हवी तशी वळलेली असते, तीच निवडून घेतात, हे एका वृद्ध सुताराने हातवारे करून आम्हांस समजाविले. त्याची भाषा आम्हांस येत नव्हती आणि आमची त्यास. पण त्याने आपल्या मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवून फांदीचा बाक असा दाखविला, की दुभाष्याचे काम पडले नाही.

येथे आम्ही थबकलो तो एका विचाराने. कोरिंग्याच्या भरभराटीच्या काळी तेथील जहाजांचे सागवान येत होते गोदावरीतून. अहेरी-सिरोंच्याच्या रानात तोडलेले सागाचे सोट पावसाळ्यात प्राणहितेच्या पाण्यावर सोडावयाचे, त्यांचे तराफे बांधावयाचे आणि ते प्रवाहाबरोबर थेट राजमहेंद्रीपर्यंत आणावयाचे, असा हा व्यापार होता. अर्थात आमच्याच नदीच्या खालच्या काठचे लाकूड ह्या बंदरात येऊन जहाज होत असे आणि समुद्रावर जात असे. माती खाली गेली, लाकूड खाली गेले, पाणी तर गेलेच. मग खालून वर काही आले काय? ते जहाज, त्यापेक्षा लहान गलबत, निदान एखादा पडाव तरी आमच्या घाटास कधी लागला काय?

ह्या प्रश्नाचा शोध घेताना पहिली अडचण अशी, की आमच्या राज्यकर्त्यांची दृष्टी समुद्राकडे नव्हती. भंडारा हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील मुलूख. १७५१ साली अलीवर्दीखानाशी झालेल्या तहाने ओरिसा भोसल्यांच्या ताब्यात आला आणि १८०३ च्या देवगावच्या तहाने तो इंग्रजांकडे गेला. म्हणजे अर्धशतकभर नागपूरकरांच्या हाती पूर्व समुद्राचा किनारा होता, बालासोरसारखे जुने बंदर होते. एवढ्या काळात त्यांनी आंगऱ्यांसारखे आरमार उभारिले नाही. याचा दोष सर्वस्वी त्यांस देणे न्याय्य होणार नाही. पश्चिमेकडे तरी आरमाराचे काय झाले? १७५६ साली विजयदुर्गावर तुळाजी आंगऱ्याचे आरमार जळाले, आणि त्यास इंग्रजांइतकेच पेशव्यांचेही साह्य झाले होते. ज्यांच्या घरी आरमार होते त्यांनीच ते बुडू दिले, तेथे ज्यांनी समुद्र वसुलीपुरता पाहिला त्यांच्याकडून अपेक्षा ती किती ठेवावी?

नाव वर आणण्याचा खरा प्रयत्न झाला तो पुढे, इंग्रजी अमदानीत; आणि ती हकीकत आमच्या जिल्ह्यातही फारशी कोणास ठाऊक नसल्यामुळे थोडी विस्ताराने सांगतो.

राजमहेंद्रीजवळ धवळेश्वर येथे १८४७ ते १८५२ या काळात गोदावरीवर मोठा बंधारा बांधण्यात आला. तो बांधणारा स्थापत्यविशारद आर्थर कॉटन. आडनावच ‘कापूस’ असलेल्या ह्या गृहस्थाचे पुतळे आजही गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात गावोगावी दिसतात आणि शेतकरी त्यांस हार घालतात. परक्या सरकारच्या किती अधिकाऱ्यांस हे भाग्य लाभले असेल? कॉटनचे मत असे होते, की हिंदुस्थानास आगगाडीपेक्षा पाण्याचे मार्ग अधिक स्वस्त आणि अधिक उपकारक आहेत. एकच कालवा शेत भिजवील आणि नावही नेईल. धवळेश्वराहून काकीनाड्यापर्यंत त्याने जो कालवा नेला, त्यातून नावा चालत असत. आता ह्याच मार्गाने धवळेश्वराच्या वर जावे, गोदावरीतून प्राणहितेत, प्राणहितेतून वर्धा-वैनगंगेच्या मुलुखात शिरावे, आणि नागपूर-वऱ्हाडाचा कापूस नावेत भरून थेट काकीनाड्याच्या बंदरात आणावा, अशी ती योजना होती. वर येताना त्याच नावांनी किनाऱ्याचे मीठ आणावयाचे. आमच्या मुलुखात मीठ तोपर्यंत बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून येई, आणि ते किती महाग पडत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

वेळही मोठी अनुकूल होती. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झालेले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झालेला. त्याच साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिकडचा कापूस बंद पडलेला आणि मँचेस्टरच्या गिरण्या हिंदुस्थानाकडे डोळे लावून बसलेल्या. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल, जे पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, ते ह्या जलमार्गाचे उत्साही पुरस्कर्ते होते. प्रत्यक्ष काम हेग नावाच्या लष्करी स्थापत्यविशारदाकडे होते. सिरोंचे हे रानातील गाव ‘अपर गोदावरी’ जिल्ह्याचे ठाणे झाले, आणि नदीत वाफेच्या लहान नावा धूर सोडीत फिरू लागल्या.

परंतु नदीच्या पोटात तीन ठिकाणी खडक आडवे पडले होते. पहिला अडसर दुम्मगुडेमपाशी, दुसरा इंचमपल्लीपाशी इंद्रावतीच्या संगमाजवळ, आणि तिसरा प्राणहितेत देवलमरीपाशी. त्या जागी पाणी खडकांवरून आपटत धावते आणि नाव वर चढत नाही. उपाय असा ठरला, की खडकाच्या माथ्याशी बंधारा घालावयाचा, काठाने कालवा खणावयाचा, आणि त्या कालव्यात दारे बसवून कुंडे करावयाची. खालचे दार लावून कुंडात पाणी भरले की नाव पाण्याबरोबर आपोआप वर चढते. मुलांस हे समजाविण्यासाठी आम्ही न्हाणीघरात बादली आणि वाटी यांचा प्रयोग केला, त्यामुळे मुलांपेक्षा यजमानांची करमणूक अधिक झाली. असो.

दुम्मगुडेमचा बंधारा व कालवा बहुतेक पुरा झाला. वरच्या दोन अडसरांपाशी मात्र काम रखडले. रानात मजूर मिळेनात. मिळाले ते हिवतापाने आजारी पडू लागले. पावसाळ्यात नदी काठ सोडून वाहे, तेव्हा काम बंद; उन्हाळ्यात पाणी इतके आटे, की बांधून झालेल्या मार्गातही नाव चालणे कठीण. वर्षातील निम्मा काळ जो मार्ग बंद राहणार, त्यावर व्यापारी आपला माल कसा सोपविणार? इकडे १८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले आणि कापसाचा भाव उतरला. आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची आगगाडी मुंबईहून नागपुरास येऊन पोहोचली. वर्ध्याचा आणि हिंगणघाटाचा कापूस पूर्वेचा नाद सोडून पश्चिमेकडे धावू लागला. १८७१ साली सरकारने योजना सोडून दिली. सिरोंच्याचे ‘अपर गोदावरी’ जिल्ह्याचे वैभवही थोड्याच वर्षांत ओसरले आणि तो मुलूख चांद्यास जोडला गेला.

ह्या अपयशाबद्दल हळहळ वाटते. पण त्यात भाबडेपणा नसावा. योजनेचा डोळा कापसावर होता, आणि भंडारा हा धानाचा मुलूख. वर्धा नदीच्या मानाने आमची वैनगंगा त्या नकाशावर दुय्यमच होती. नाव आली असती, तर ती प्रथम मँचेस्टरसाठी आली असती. तरीही आमचा तांदूळ, आमची पितळेची भांडी, आमचा कोसा ह्या मार्गाने जाऊ शकला असता, आणि स्वस्त मीठ वर आले असते, हेही तितकेच खरे. १८८० नंतर नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग आमच्या जिल्ह्यातून गेला, आणि वैनगंगेला ओलांडणे हाच तेवढा आमचा तिच्याशी संबंध राहिला. पूल झाला की नदी मधला अडथळा ठरते. आमच्या पिढीस ती खिडकीतून दिसणारी, पैसा टाकून नमस्कार करण्यापुरती उरली.

मात्र नाव आमच्याकडे नव्हती असे म्हटले, तर ते असत्य होईल. आमच्याकडे डोंगा होता, आणि अजून आहे. एकाच खोडात कोरलेला, खिळा नाही, फळी नाही, कणा नाही. चपट्या बुडाचा आणि मागे उभे राहून बांबूने रेटण्याचा. ढिवर लोक त्यातून मासे धरतात, तळ्यांतून शिंगाडे तोडतात, आणि पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात सारा जिल्हा त्यांच्या डोंग्यांच्या भरवशावर नदी ओलांडीत असे. घरातील वडील बाई नवरीपणी अशाच डोंग्यातून सासरी आलेल्या. ही गोष्ट त्यांनी आम्हांस आजवर कधी सांगितली नव्हती. काकीनाड्याच्या धक्क्यावर प्रथमच सांगितली. पाऊस होता, पाणी लाल होते, डोंग्यात पाच माणसे आणि एक ट्रंक. ढिवराने सर्वांस खाली बसविले आणि “कोणी हालायचे नाही,” असे दरडावले. “ते दरडावणे सासूपेक्षा मोठे होते,” असे म्हणून त्या हसल्या. जलमार्गाच्या साऱ्या हकिकतीत ह्या ढिवरांस कोणी काही विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. नदीचा प्रत्येक डोह आणि प्रत्येक खडक ज्यांस अंधारातही ठाऊक, त्यांचे ज्ञान कागदावर चढलेच नाही.

आता मार्ग पूर्वीपेक्षाही बंद आहे. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्दच्या धरणाने वैनगंगा पवनी तालुक्यात अडविली. त्या जलाशयाचा फुगवटा थेट भंडारा शहरापर्यंत येतो, आणि त्याखाली कितीएक गावे गेली. ज्या पाण्यात नाव कधी आली नाही, तेथे आता नावांस पुरेल एवढे पाणी आहे. पण ती नाव धरणाच्या भिंतीपर्यंतच जाईल. खाली प्राणहितेच्या संगमाच्या पुढे मेडिगड्डाचा बंधारा आहे. तो २०१९ साली सुरू झाला आणि २०२३ साली त्याचे खांब खचले. त्याखाली पोलावरमचे धरण उभे राहत आहे. आणि ह्या सर्वांच्या जोडीस, २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्गांच्या कायद्याला जोडलेल्या यादीत वैनगंगा-प्राणहितेचे नाव आलेले आहे! दीडशे वर्षांपूर्वी टाकून दिलेला मार्ग कागदावर तेवढा पुन्हा मोकळा झाला.

परत आल्यावर आम्ही एका रविवारी मुलांस घेऊन पवनीस गेलो. वैनगंगेकाठचे हे गाव फार पुरातन. १९६९-७० साली तेथे उत्खनन होऊन बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले. दोन हजार वर्षांपूर्वी येथे भरभराटीचे नगर होते. हे धरणाच्या खालच्या अंगास असल्यामुळे येथे नदी अजून नदीसारखी दिसते. वाळू, डोह आणि मधूनमधून वर आलेले काळे खडक. घाटाखाली एक वयस्क ढिवर आपला डोंगा वाळूवर पालथा घालून त्यास डांबर लावीत बसला होता. चिरंजीवांनी त्यास काकीनाड्याच्या नावांचे वर्णन मोठ्या उत्साहाने ऐकविले; वाळूत काडीने तिचा कणा, तिच्या बरगड्या, तिचे खोल निमुळते बूड, सर्व काढून दाखविले. तो हातातले काम थांबवून बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिला. मग त्याने बोटाने ते खोल बूड पुसून सपाट केले.

“अशी नाव इथं नाही चालाची, बाबू,” तो म्हणाला. “इथं खाली गोटा हाये. चपटं बूड पायजे.”

आणि तो पुन्हा डांबर लावू लागला.